बी ग्रुपवाले साडूभाऊ

हॉकीसाठी जगणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण बी ग्रुपच्या हॉकीसाठी जगणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ज्यांना हा बी ग्रुप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात दर हिवाळ्यात क्लबांची हॉकी स्पर्धा होते आणि तिचे तीन भाग असतात. ए ग्रुपमध्ये नामांकित संघ, त्यांच्या अंगावर सारख्या रंगाचे मोजे. सी ग्रुपमध्ये नवशिके, ज्यांच्या निम्म्या स्टिका उसन्या. या दोघांच्या मधे बी ग्रुप. तिथे पंचविशी ओलांडलेले, नोकरीधंदा सांभाळून खेळणारे, बरे खेळणारे पण फार बरे न खेळणारे लोक असतात. बी ग्रुप जिंकणारा संघ पुढच्या वर्षी एमध्ये चढतो. साडूभाऊंचा तापीतीर क्लब सतरा वर्षं बीमध्येच होता. चढला नाही आणि उतरलाही नाही. याबद्दल कुणी चिडवलं तर साडूभाऊ शांतपणे म्हणत, "एमधे लोक नोकरी लागावी म्हणून खेळतात, सीमधे फोटो यावा म्हणून. फक्त खेळायचं म्हणून खेळतात ते बीवाले." हे बोलताना त्यांचा चेहरा असा असे, की एमध्ये जायची इच्छा त्यांना कधी शिवलीच नसावी. ती किती होती ते ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आणि मला माहीत होतं.

त्यांची माझी पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो त्या दिवशीची. सासरेबुवा मला शाळेतली मास्तरकी कायम आहे का ते विचारत होते, सासूबाई पोह्यांवर खोबरं भुरभुरत होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले एक उंच, काटक गृहस्थ एकटक माझ्या पायांकडे बघत होते. थोरले जावई म्हणून त्यांना मत विचारलं गेलं. ते उठले, माझ्याभोवती अर्धी फेरी मारली आणि म्हणाले, "जरा चालून दाखवा." मुलगी बाजूलाच राहिली, मीच बैठकीतून ओसरीपर्यंत चालून आलो. "लेफ्ट हाफ आहे," त्यांनी निकाल दिला. "गोल करणार नाही, पण होऊ पण देणार नाही. देऊन टाका." सासरेबुवांना त्यातलं काय समजलं ते त्यांनाच ठाऊक, पण लग्न ठरलं. पुढे कळलं, की हा मान मला एकट्याला नव्हता. साडूभाऊ भेटलेल्या प्रत्येक माणसाला मैदानावर कुठेतरी उभं करत. भाजीवाली राइट विंग, कारण ती हाक मारेपर्यंत पुढच्या गल्लीत गेलेली असते. सासरेबुवा गोलकीपर. ताईंना मात्र त्यांनी कुठलीच जागा दिली नव्हती. मी एकदा विचारलं तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ती अंपायर आहे, मास्तर."

सिंचन खात्यात ते नकाशे काढायचे. चाळीस वर्षं सरळ रेषा ओढून ओढून त्यांच्यात एक प्रकारचा सरळपणा मुरला होता आणि तो कुठे थांबावा हे त्यांना कळत नसे. सामन्याच्या दिवशी सकाळी सहाला ते कॉलेजच्या मैदानावर हजर असत. हातात टेप, खांद्यावर दोरी, बगलेत तळाला भोकं पाडलेला चुन्याचा डबा. मैदान आखायला माणूस ठेवलेला असे, पण त्याला ते चहा प्यायला पाठवून देत आणि मग दीड तास एकटेच वाकून चालत. गोलसमोरचा अर्धगोल, ज्याला खेळणारे डी म्हणतात, तो त्यांचा खास जिव्हाळ्याचा. हॉकीत या डीच्या आतून मारलेला गोलच गोल, बाहेरून कितीही झकास मारला तरी तो फुकट. म्हणून डी आखताना ते कुणाशी बोलत नसत. एकदा मी तिथे जाऊन "किती वाजता मॅच?" एवढंच विचारलं तर त्यांनी डबा खाली ठेवला, पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि मग डी पुन्हा पहिल्यापासून आखायला घेतला. घरीही तेच. ताई सांगतात, "लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी माझ्या पापडांच्या वाळवणात टेप फिरवला होता. ओळीत नाहीत म्हणे. मी तो टेपच चुलीत घालायला निघाले होते." भाचीच्या लग्नात पंगती मांडायचं काम चुकून त्यांच्याकडे गेलं. पंगत इतकी देखणी बसली, की फोटोवाल्याने नवरानवरी सोडून तिचेच फोटो काढले. फक्त ती बसेपर्यंत मठ्ठा आंबून गेला.

क्लबात त्यांचं पद सेक्रेटरीचं, पण कामं सगळीच. त्यांच्या संघात एक दाताचा डॉक्टर होता, दोन शिक्षक होते, केळीच्या गाड्या भरून घेणारा एक मुकादम होता आणि कप्तान होता भूषण. हा भूषण तापीपलीकडच्या जैनाबादचा, यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, सेंटर फॉरवर्ड. साडूभाऊंना दोन मुलीच, त्या लग्न होऊन लांब गेलेल्या. भूषणला त्यांनी पंधराव्या वर्षापासून स्टिक धरायला शिकवलेली. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडचे आधी साडूभाऊंना भेटायला आले होते. अर्ध्या खेळानंतरची केळी साडूभाऊ स्वतः निवडत. फार पिकलेलं केळं खाल्लं की माणूस आळशी होतो आणि कच्चं खाल्लं की भांडखोर, असा त्यांचा सिद्धांत होता. सामना संपला की मावा जिलबी. जिंकले तर अर्धी, हरले तर अख्खी. "हे उलटं नाही का?" मी विचारलं होतं. "जिंकून आलेल्याला पाणी पण गोडच लागतं यार," ते म्हणाले, "जिलबीची गरज दुसऱ्याला."

एवढं सगळं करून हा माणूस खेळातला मुख्य क्षण कधी बघत नसे. पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे एकट्या गोलकीपरसमोर मारायचा फटका, असला, की ते गोलकडे पाठ करून उभे राहत, डोळे मिटत आणि मला विचारत, "झालं?" मी सांगेपर्यंत वळत नसत. सतरा वर्षांत त्यांच्या क्लबाने मारलेले आणि चुकवलेले सगळे स्ट्रोक त्यांनी माझ्या तोंडून ऐकले आहेत.

गेल्या जानेवारीत तापीतीर क्लब पहिल्यांदा बी ग्रुपच्या फायनलला पोचला. समोर डोईफोडियाचा संघ, खकनारकडच्या जंगलाच्या कडेचं गाव. पोरं पिकअपमध्ये उभ्याने आली, सोबत पांढऱ्या टोपीतले त्यांचे गुरुजी. पायांत बुटांपेक्षा वेग जास्त होता. साडूभाऊ त्या सकाळी पाचलाच मैदानावर होते. मी पोचलो तेव्हा डी इतका गोल आणि पांढरा दिसत होता, की त्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. "कशी काय झोप लागली?" मी विचारलं. "झोप कसली, मास्तर. एमधे गेलो तर मोजे सारखे घ्यावे लागतील, त्याचाच विचार करत राहिलो."

सामना तोडीस तोड झाला. डोईफोडियाने पहिला गोल केला, मुकादमाने तो फेडला आणि संपायला चारेक मिनिटं उरली तरी एक-एक. बघायला आलेले आमच्या बाजूचे बँकवाले, मास्तर लोक आणि खेळणाऱ्यांच्या म्हाताऱ्या आया, सगळे उभे राहून ओरडत होते. साडूभाऊ नेहमीप्रमाणे खुर्ची सोडून कडेकडेने चालत डीच्या रेषेत येऊन थांबले होते, मी त्यांच्या बाजूला. तेवढ्यात भूषणला चेंडू मिळाला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, समोर चारपाच जणांची गर्दी झाली आणि त्या गर्दीतून त्याने जो फटका हाणला तो सरळ जाळीत. अंपायरने मधल्या रेषेकडे हात केला. गोल! दाताचे डॉक्टर जमिनीवर लोळले. मी साडूभाऊंना मिठी मारायला वळलो, तर ते जागेवर नव्हते. ते हात वर करून मैदानात धावत चालले होते.

आधी मला वाटलं, आनंदाने चाललेत. मग त्यांचा आवाज ऐकू आला. "बाहेरून आहे! साहेब, बाहेरून आहे! डीच्या बाहेर!"

अंपायर खंडव्याहून आलेला तरुण माणूस होता. त्याने गोंधळून विचारलं, "आप किस टीम के हैं?"

"तापीतीर."

"तो गोल तो आपका ही है।"

"मालूम है," साडूभाऊ म्हणाले. त्यांना दम लागला होता. "पर गोल नहीं है।"

गर्दीमुळे फटका नेमका कुठून बसला ते अंपायरला दिसलं नव्हतं, हे त्याने नंतर कबूल केलं. दुसऱ्या अंपायरशी बोलून त्याने गोल रद्द केला. रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न सगळ्यांनी ऐकला. उरलेल्या मिनिटांत कुणाचाच गोल झाला नाही, म्हणून निकालासाठी पेनल्टी स्ट्रोक. साडूभाऊ पाठ करून उभे राहिले आणि मी एकेक सांगत गेलो. आमचा शेवटचा स्ट्रोक भूषणचा होता. तो खांबाला लागून बाहेर गेला. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हणालो. त्यांना माझ्या आवाजावरून समजलं.

आपल्या नेहमीच्या झाडाखाली संघ बसला होता तिथे ते जिलबीचा खोका घेऊन गेले. कुणी हात पुढे केला नाही. भूषण तेवढा उठला. जो मुलगा कधी त्यांच्यासमोर मोठ्याने शिंकलाही नव्हता तो ओरडला, "काका, तुम्ही कोणत्या टीमचे आहे? सांगा ना! सतरा साल आम्ही काय झक मारून राहिलो होतो? तुम्हाला कुणी विचारलं होतं?" साडूभाऊ म्हणाले, "अरे, बाहेर होता बेटा." "अंपायरला नाही दिसला, तुम्हालाच दिसला!" असं म्हणून भूषणने स्टिक पिशवीत कोंबली आणि तो निघून गेला. डोईफोडियाचे गुरुजी मात्र लांबून चालत आले. त्यांनी काही भाषण केलं नाही. उपरण्यात बांधलेली बोरं साडूभाऊंच्या पिशवीत ओतली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पिकअपकडे गेले. त्या जिलब्या आम्ही दोन घरांनी चार दिवस खाल्ल्या.

पुढच्या रविवारी क्लबाची बैठक झाली आणि दाताचे डॉक्टर नवे सेक्रेटरी झाले. कुणी वाईट बोललं नाही. "काकांना आता आराम पाहिजे," एवढंच ठरलं. साडूभाऊंनी टेप, दोरी आणि चुन्याचा डबा स्वतः नेऊन दिला. घरी येऊन म्हणाले, "चला, सकाळी उठायची कटकट गेली." त्यानंतरही ते पाचलाच उठत आणि अंघोळ करून खुर्चीत बसून राहत. भूषणच्या घरी मुलगी झाली ते त्यांना बाजारात तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "पोट बरोबर नाही," म्हणाले. मी कधी हॉकीचं नाव काढलं तर केळीच्या भावावर येत.

मग गणपतीच्या सुमारास त्यांचं काहीतरी बिनसायला लागलं. चहात मीठ पडलं. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाला त्यांनी दोनदा नमस्कार केला. एकदा माझ्या घरी यायला निघाले आणि शेजाऱ्यांच्या सोफ्यावर जाऊन बसले. शेजाऱ्यांनी चहा दिला तोही प्यायले. ताईंनी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं आणि विचारलं, "काका, हे केव्हापासून आहे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलाय. दोन-तीन वर्षांचा तरी असणार. तुम्ही इतके दिवस अंदाजानेच फिरून राहिले."

ताई ऑपरेशनची तारीख विचारत होत्या. साडूभाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "अशा डोळ्यांना तीस-चाळीस हातांवरची चुन्याची रेष दिसते का?"

"रेष?" त्या हसल्या. "म्हैस दिसली तरी पुष्कळ."

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, दोन्ही डोळ्यांचं, पंधरा दिवसांच्या अंतराने. चांगलं झालं. पण माणूस बसकणच मारून राहिला. काळा चष्मा लावून भिंतीकडे बघत बसे. शेवटी एका दुपारी मला म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मला चेंडू नव्हता दिसला. भूषणची निळी जर्सी दिसली, चुन्याचं पांढरं दिसलं आणि दोघांच्या मधे माती दिसली. बस, एवढंच. मला वाटलं, दिसलं. पण ह्या डोळ्यांनी काय दिसणार? निळं कुणाचं पण असेल. माती कुठली पण असेल." चष्मा काढून पुसला. "म्हणजे बघा, सतरा वर्षांत एक गोल आला होता पोरांच्या वाट्याला, आणि मी आंधळ्यासारखा जाऊन तो काढून घेतला."

"असं कसं म्हणता?" मी म्हणालो खरा, पण मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो आणि मला स्वतःला काहीच दिसलं नव्हतं. मी उड्या मारत होतो.

"मला जैनाबादला न्या," ते म्हणाले. "भूषणची माफी मागायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून तापीचा पूल ओलांडला. भूषण दारात होता, कारखान्यात जायच्या तयारीत, कडेवर मुलगी. आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला. त्याच्या बायकोने आत या, बसा म्हटलं, पाणी आणलं. साडूभाऊ बसले नाहीत. चष्मा काढून हातात धरला आणि उभ्यानेच सुरुवात केली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, म्हशीचंही सांगितलं. मग म्हणाले, "तर तेव्हा मला बरोबर दिसलं असेल असं काही नाही, बेटा. माझ्या हातून गलत झालं असेल. मोठ्या तोंडाने बोलून गेलो. टीमला पण सांगणार आहे मी. पण पहिले तुला सांगायला आलो."

भूषणने मुलीला बायकोकडे दिलं.

"काका, बाहेर होता," तो म्हणाला.

"काय?"

"बॉल. बाहेरच होता. मी मारला ना, मला माहीत आहे. मारायच्या वेळेस मी खाली पाहिलं तर चुना पुढे होता. एक हात पुढे." त्याचा आवाज बारीक झाला. "मग गोल झाला, सगळे अंगावर येऊन पडले, अन् मी सोचलं, राहू दे. कुणी नाही पाहिलं. आणि तेवढ्यात तुम्ही धावत आले."

साडूभाऊ त्याच्याकडे नुसते बघत होते, नव्या डोळ्यांनी.

"सांगायला मी पाहिजे होतं, काका. कप्तान मी होतो. तुम्ही सांगितलं आणि सगळ्यात जास्त ओरडलो मीच. नंतर कितीदा पुलापर्यंत आलो तुमच्याकडे यायला. तोंड काय घेऊन येणार? पोरगी झाली तेव्हा पेढे बांधून ठेवले होते तुमच्यासाठी. इथेच पडून राहिले."

मला वाटलं, आता साडूभाऊ सुटल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. "एक हात म्हणजे दीड फूट," ते अगदी हळू म्हणाले, जणू काही बोलायला हवं म्हणून. मग त्यांनी हात पुढे केले. भूषण पाया पडायला वाकला, पण ते हात त्याच्यासाठी नव्हते, मुलीसाठी होते. त्याच्या बायकोने मुलगी त्यांच्याकडे दिली. पोरीने पहिल्यांदा त्यांचा कान धरला. ते तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहिले आणि भूषण दाराच्या चौकटीला टेकून बाहीने डोळे पुसत राहिला. त्या दिवशी तो कारखान्यात उशिराच गेला. चहा झाला, पोहे झाले. हॉकीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

येताना मी खुशीत होतो. "बघा, तुमचंच बरोबर होतं," मी मागे वळून म्हणालो. "आता रविवारी क्लबात जाऊन सगळ्यांना सांगू."

"कुणाला काही सांगायचं नाही," ते म्हणाले.

पुलाच्या मध्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. खाली तापी संथ होती, पात्रातल्या खडकांवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. कठड्याला हात टेकून ते पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, इतक्या महिन्यांनी स्वच्छ दिसतंय म्हणून बघताहेत.

"मास्तर," ते म्हणाले, "अकरा महिने तो पोरगा एकटाच हे घेऊन फिरत होता हो. आणि मी घरात बसून रुसलो होतो. पूल काय, दहा मिनिटांचा आहे."

मागून एक ट्रॅक्टर गेला, पूल थोडा हादरला आणि पुन्हा स्थिर झाला. मग ते गाडीवर बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.